पश्चिमेच्या खिडक्या बदलायच्या आहेत: यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी,

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, १९९४ची. चौथा मजला, वर गच्ची. हॉल आणि एक बेडरूम सरळ पश्चिमेला. समोर उंच काहीच नाही, त्यामुळे मृग लागला की वारा-पाऊस थेट खिडकीवर आपटतो. खिडक्यांची चौकट लाकडी आहे आणि आधीच्या मालकांनी तिच्यात ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. जुलैत खिडकीच्या ओट्यावर जुनी टॉवेलं अंथरावी लागतात. खालची भिंत फुगते, रंगाचे पापुद्रे सुटतात. चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात आता स्क्रूड्रायव्हर सहज शिरतो.

यंदा पावसाच्या आत सगळ्या खिडक्या आणि बाथरूम-संडासाचे दरवाजे बदलायचं घरात ठरलंय. भाव काढायला आलेल्यांपैकी एक म्हणतो, यूपीव्हीसीशिवाय (म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट) दुसरं बघू नका. दुसरा म्हणतो, डोमल सेक्शनचं (चौकटीची जाडसर पट्टी) ॲल्युमिनियम आयुष्यभर टिकतं. तिसरा म्हणतो, जुनी चौकट काढायची गरजच नाही, तिच्यावरच नवीन बसवून देतो, तोडफोड वाचेल. आई ७८ वर्षांची आहे, तिला सहज उघडता-लावता आलं पाहिजे. लोकलचा आवाज थोडा कमी झाला तर हवाच आहे.

ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. बसवून काही पावसाळे गेलेत अशा खिडक्यांबद्दल वाचायला जास्त आवडेल.

निळीशाई

आमच्याकडे बदलापूरला यूपीव्हीसी आहे, सरकती. आवाज खूप कमी झाला, धूळही कमी येते. पाणी येत नाही. मी तरी डोळे मिटून यूपीव्हीसी सांगेन.

खारेवारे

डोळे उघडे ठेवून सांगतो, आमच्याकडे दोन्ही आहे :)

श्रीवर्धनजवळ समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घर आहे. जुन्या भागात पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम, नव्या खोल्यांत यूपीव्हीसी. ॲल्युमिनियमचा सेक्शन आजही ठणठणीत आहे. खराब झाला तो स्क्रूंच्या भोवती. बसवणाऱ्याने साधे लोखंडी, वरून पिवळा मुलामा दिलेले स्क्रू वापरले होते. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की एक दुसऱ्याला खातो. स्क्रूच्या डोक्याभोवती आधी पांढरी भुकटी दिसायला लागली, मग कोटिंगला फोड आले. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू हवेत असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. डोंबिवलीला ३०४ चालतील.

यूपीव्हीसीला गंज नाही हे खरं, पण त्याच्या पोटात लोखंडी पट्टी असते, तिची चौकशी कुणी करत नाही. मोठ्या खिडकीला ती नसेल किंवा पातळ असेल तर वाऱ्याच्या दाबाने मधला उभा भाग वाकतो. पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली हवी. तुकडा कापलेला असताना आतून बघता येतं, म्हणून शक्य असेल तर कारखान्यात जाऊन या.

सुतारपक्षी

चौथा_मजला, वस्तू कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधा. आमचा सुतारकीचा आणि फॅब्रिकेशनचा घरचा धंदा आहे, सांगलीत. लोक खिडकी बदलतात, पुढच्या पावसात त्याच जागी पाणी, आणि मग भांडण आमच्याशी. पाणी येण्याच्या वाटा अनेक असतात. सरकत्या खिडकीचा ट्रॅक भरून आत सांडतं. चौकट आणि भिंत यांच्या फटीतून येतं. ओट्याच्या दगडाखालून येतं. वरच्या छज्जाला भिंतीशी भेग असेल तर तिथून उतरून चौकटीच्या डोक्यावर थेंब पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं खिडकी गळते.

तपासायची रीत सांगतो. कोरड्या दिवशी बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण सुरुवात खालून करायची. आधी फक्त ओट्याखालची भिंत भिजवा आणि थांबा. आत ओल दिसली नाही तर ओटा, मग दोन्ही बाजूंच्या फटी, मग काच आणि ट्रॅक, सगळ्यात शेवटी छज्जाच्या वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच खाली येतं आणि काहीच कळत नाही. चौथ्या मजल्यावर गच्चीतून पाइप सोडता येईल. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा.

चौथा_मजला

हे कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी भावाला बोलावतो आणि करून बघतो.

गणिती

सरकत्या खिडकीत पाणी का चढतं याचा हिशोब सोपा आहे आणि खरेदीच्या वेळी कामाला येतो.

वारा काचेवर आदळला की बाहेर दाब वाढतो, आत तो कमी असतो. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जायचं असतं, पण बाहेरचा दाब त्याला आत ढकलत असतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब साधारण २४० पास्कल (दाबाचं एकक) होतो. एवढा दाब जवळजवळ २४ मिलिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. म्हणजे ट्रॅकची आतली कड २४ मिलिमीटरहून बुटकी असेल तर भोकं कितीही साफ असू देत, असा झोत टिकून राहिला की पाणी कड ओलांडून ओट्यावर येणार. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोनपट होतो. ताशी १०८ किलोमीटरला तो ५४० पास्कलवर जातो आणि पाणी ५४ मिलिमीटर चढतं.

म्हणून दुकानात गेल्यावर पट्टी लावून आतली कड मोजा. रंग आणि हँडल नंतर बघा.

खारेवारे

गणिती, तुमचा हिशोब आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. नव्या खोल्यांतल्या सरकत्या खिडक्यांच्या ट्रॅकमधून पाणी अक्षरशः उकळल्यासारखं वर येत होतं. त्याच भिंतीतली बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी मात्र कोरडी राहिली. तिची झडप चौकटीवर रबर दाबून बसते, वाऱ्याने ती आणखी घट्ट होते.

निळीशाई

अरेच्चा, आमच्या खिडक्या पूर्वेला आहेत. म्हणून पाणी येत नसेल का?

सुतारपक्षी

तेही एक कारण आहेच, ताई. आपल्याकडे पावसाळ्यातला जोरदार वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. पूर्वेच्या खिडकीची कसोटी क्वचितच लागते.

रेघोट्या

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे. जुनी चौकट ठेवून तिच्यावर नवी बसवण्याबद्दल आधी बोलते, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. कुजलेल्या लाकडात मारलेला स्क्रू कशालाच धरत नाही. शिवाय ओल त्या लाकडात कोंडली जाते, नव्या फ्रेमने ती झाकली जाते आणि वाळवीला निवांत घर मिळतं. चौकट पूर्ण काढा. तोडफोड होईल, कडा नव्याने गिलावा करून काटकोनात आणाव्या लागतील, तो खर्च धरूनच चाला.

चौकट निघाली की ओट्याचा दगड नवा घाला, ती संधी पुन्हा मिळत नाही. ग्रॅनाइट एकसंध असावा, बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि बाहेर निघालेल्या कडेच्या खालच्या अंगाला एक चर कापून घ्यावा. तो चर नसेल तर पाणी दगडाच्या खालून मागे सरकत भिंतीत जातं. दगडाची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत थोडी शिरलेली हवीत. एवढं नीट केलं तर फ्रेम कुठलीही असो, निम्मी लढाई जिंकलीच.

आता बसवण्याबद्दल. फ्रेम आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी थोडी फट मुद्दाम ठेवतात, कारण यूपीव्हीसी उन्हात ॲल्युमिनियमपेक्षा बरंच जास्त फुगतं. ती फट फोमने भरतात. फोम म्हणजे भराव आहे, तो पाणी अडवत नाही आणि उन्हात त्याचा चुरा होतो. त्याच्यावर बाहेरून सिलिकॉनची सलग रेघ हवीच. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचा मागा. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो आम्लाचा प्रकार आहे. तो सिमेंटवर नीट धरत नाही आणि दगड-धातूला त्रास देतो. ॲल्युमिनियम घेतलंत तर फ्रेमला ओलं सिमेंट थेट लागू देऊ नका, सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियम खातो. फ्रेमवरची चिकट फिल्म गिलाव्याचं काम होईपर्यंत ठेवा आणि संपलं की लगेच काढा. उन्हात भाजल्यावर ती निघत नाही.

चौथ्या मजल्यावरची खरी अडचण म्हणजे बाहेरची सिलिकॉनची रेघ. आतून हात पोचत नाही म्हणून बरेच जण ती सोडून देतात आणि फक्त आतून मारतात. आतली रेघ दिसायला छान दिसते, पण तोवर पाणी भिंतीत शिरलेलं असतं. बाहेरून मारायला दोरीवर काम करणारा माणूस लागेल, त्याचा पट्टा आणि विमा आहे का ते विचारा. हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत असू द्या.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये जुन्या घरांना हाच प्रश्न, फक्त पावसाच्या जागी थंडी. जून २०२२पासून नियम असा की बदललेल्या खिडकीतून उष्णता ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बाहेर जाता कामा नये, आणि नवीन खिडकीमुळे घरातली हवा खेळण्याची सोय आधीपेक्षा कमी होता कामा नये. त्यामुळे बहुतेक फ्रेमच्या वरच्या अंगाला उघडझाप करता येणारी बारीक फट ठेवलेली असते. सुरुवातीला मला वाटलं, एवढी घट्ट खिडकी घ्यायची आणि तिलाच भोक पाडायचं? पण शेजारच्या घरात जुन्या फ्रेम काढून हवाबंद खिडक्या बसवल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागे बुरशी आली. घर घट्ट केलं की आतली वाफ बाहेर जायला वाट द्यावी लागते.

जाई_जुई

लीड्सकर, नागपुरात हेच कूलरच्या बाबतीत घडतं बघा.

आमच्या बाजूला मे महिन्यात ४५ अंश नेहमीचंच. सासूबाईंच्या खोलीला छान घट्ट यूपीव्हीसी बसवलं आणि कूलर लावला तर खोली गार व्हायच्या ऐवजी चिकट झाली. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, ती दुसरीकडून बाहेर पडलीच पाहिजे. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ती आपोआप जायची, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता समोरची खिडकी हातभर उघडी ठेवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी ऑर्डर देतानाच कूलर कुठल्या खिडकीत बसणार आणि हवा कुठून जाणार हे ठरवा. सरकत्या खिडकीत अर्धीच जागा उघडते. कूलरच्या तोंडाचं माप त्या अर्ध्या जागेत बसतं का तेही बघा.

आणि पश्चिमेच्या उन्हाला महागडी रंगीत काच घेण्याआधी बाहेरून सावली करा. खस, बांबूची चिक, छज्जा वाढवणं, काहीही. काचेवर पडलेलं ऊन अडवण्यापेक्षा ते काचेवर पडूच न देणं कितीतरी चांगलं.

मनीमाऊ

विषयाला धरूनच विचारते: मांजरी जाळी फाडतात, काय करू? दोन बोके आहेत, फायबरची जाळी त्यांनी आठवड्यात लोंबवली.

सुतारपक्षी

स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी लावा, फायबर टिकणार नाही. जाळीची झडप सरकती असेल तर तिला कडी लावा, बोके पंजाने सरकवतात. आणि एक गंभीर गोष्ट. जाळी म्हणजे कठडा नव्हे. लहान मूल किंवा मांजर तिच्यावर भार देऊन बसू शकेल असं धरून चालू नका. गज किंवा ग्रिल वेगळं हवंच.

मनीमाऊ

ग्रिल आहे. बोके ग्रिलमध्ये बसून पावसाकडे बघतात, तीच त्यांची गॅलरी. स्टीलची जाळी घेते, धन्यवाद दादा.

सोसायटी_सचिव

ग्रिलचा विषय निघालाच आहे तर थोडं कडक बोलतो, राग नसावा.

खिडकीबाहेर पेटीसारखं ग्रिल असेल तर त्यात उघडणारी झडप हवी, आणि कुलूप असेल तर किल्ली तिथेच, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी. आगीत जिना धुराने भरला की खिडकी हीच वाट उरते. पूर्ण वेल्ड केलेल्या ग्रिलमागे माणसं अडकतात, अग्निशमन दलाच्या जवानांना कापत बसावं लागतं. खिडक्या बदलताना ग्रिल तसंही काढावं लागतं, तेव्हाच झडप करून घ्या.

दुसरं, काम सुरू करण्याआधी सोसायटीला अर्ज द्या. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) सदनिकेत बदल करायला समितीची परवानगी लागते. खिडकीचं माप वाढवणं, ओटा तोडून खाली नेणं, छज्जा खोलीत घेणं हे तर कुणी करूच नये, त्यासाठी महापालिकेची मंजुरी लागते. माप तेच ठेवून फ्रेम बदलायला सहसा अडचण येत नाही. रंगाबद्दल सोसायटीचा ठराव आहे का ते विचारून घ्या. आमच्याकडे एका घराने काळ्या फ्रेम लावल्या आणि पुढचं अख्खं वर्ष सभेत तोच विषय.

वाड्यातला

इथे सगळेच बदलायच्या मागे आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमचं घर वाईला आहे, नदीपासून फार लांब नाही. खिडक्या सागवानी, खाली आडवी फळी, उभे लोखंडी गज, दोन पाखी. आजोबांच्या आधीपासूनच्या. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, जुनं लाकूड मी घेऊन जातो, बदल्यात नव्या खिडक्यांत सूट देतो. तेव्हाच कळायला हवं की त्या लाकडाची किंमत त्याला चांगली ठाऊक आहे.

तशा खिडकीचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो. खालची आडवी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते, उभ्याला नवा सांधा करता येतो, बिजागरी बदलता येते. आम्ही जुने रंगाचे थर खरवडले, कुजलेल्या जागी जुन्याच सागाचे तुकडे जोडले, तेलपाणी केलं. आता झडपा बोटाने लोटल्या तरी मिटतात. यूपीव्हीसीच्या फ्रेमचा एक कोपरा तुटला तर अख्खी फ्रेमच बदलावी लागते. सुट्या भागांसाठी ती कंपनी त्या वेळी असावी लागते. ज्यांच्याकडे जुना साग, शिसवी, ऐन, फणस आहे त्यांनी चांगला सुतार शोधायला महिनाभर घालवा, पण लाकूड भंगारात देऊ नका. कळकळीने सांगतोय.

मांडवीकाठ

वाड्यातला, तुमचं बोलणं पटलं. आमच्या गोव्यात तर आख्खी एक कला अशीच गेली. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या असायच्या, लाकडाच्या बारीक चौकटींत ओळीने बसवलेल्या. चिखलीच्या खाडीत हे पातळ, चपटे शिंपले आजही आढळतात. त्यातून आत येणारा उजेड इतका मऊ असतो की भर दुपारी पडदा लागत नाही. माझ्या मावशीच्या घरी दोन खिडक्या शिल्लक आहेत. एखादी शिंपली फुटली तर बसवणारा माणूस शोधताना नाकी नऊ येतात, म्हणून लोक कंटाळून सरसकट काच घालतात. मोडलेल्या खिडकीतल्या चांगल्या शिंपल्या डब्यात जपून ठेवा, दुसऱ्या खिडकीला लागतात.

रेघोट्या

आणि मुंबईतल्या जुन्या पोलादी खिडक्याही यातच येतात. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यांची अर्धी ओळख त्या बारीक पोलादी पट्ट्यांच्या खिडक्यांत आहे. तिथे जाड पांढऱ्या फ्रेमच्या सरकत्या खिडक्या बसल्या की दर्शनी भाग आंधळा वाटतो. गंजलेला सेक्शन फुगून बाजूचं काँक्रीट फोडतो हे खरं, पण गंजलेला तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो. वारसा इमारतीत राहणाऱ्यांनी काहीही बदलण्याआधी वारसा समितीची परवानगी लागते का ते पालिकेत विचारावं.

डोंबिवलीच्या १९९४च्या चौकटीला हे लागू नाही. ते लाकूड बहुधा साधंच असणार. ते काढा.

हळदुले

बाथरूमच्या दरवाजांकडे कुणी बघितलंच नाही. आमच्याकडे तळाची कड दर पावसाळ्यात फुगते, दार घासतं, मग सुतार रंधा मारून जातो. उन्हाळ्यात खालून उंदीर जाईल एवढी फट.

सुतारपक्षी

हळदुले, पावसाळ्यात रंधा मारूच नये, अगदीच अडकत असेल तर नावापुरता. दार वाळलं की फट उरणारच. दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर बघा.

फुगण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दाराच्या दोन्ही अंगांना लॅमिनेट असतं, उभ्या कडांना पट्टी असते, आणि तळाची कड कोरीच राहते, कारण ती दिसत नाही. फरशीवरचं पाणी तिथूनच वर चढतं. दार बसवण्याआधी उलटं करून तळाला आणि माथ्याला प्रायमर आणि रंगाचे हात मारायचे. कुलपासाठी, बिजागरीसाठी कोरलेल्या खाचांनाही. दहा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. समोर उभं राहून करून घ्या.

चौथा_मजला, तुम्हाला ओल्या जागेसाठी लाकूड नकोच. चौकट डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) किंवा ग्रॅनाइटची करा, दार एफआरपीचं (काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेलं प्लास्टिक) किंवा डब्ल्यूपीसीचं. डब्ल्यूपीसी जड असतं आणि त्यात स्क्रू मारण्याआधी भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर चिरतं. जड दाराला चार बिजागऱ्या घाला, त्या स्टेनलेसच्या. आई आहेत म्हणून आणखी एक सुचवतो: बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी घ्या. नाण्याने फिरवायची खाच असलेली कुलपं मिळतात. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करता आलं तर करा. माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

जाई_जुई

सुतारपक्षी दादा, शेवटचं वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवावं. आमच्या शेजारी हे झालंय, दार तोडावं लागलं.

कढीपत्ता

मला गॅस गिझरबद्दल लिहायचंय, आणि ते कृपया कुणी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या बाथरूमच्या खिडकीत काचेच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या कधीच पूर्ण बंद होत नाहीत. नूतनीकरणात लोक त्या काढतात आणि तिथे घट्ट बंद होणारी खिडकी बसवतात. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेतणारं आहे. हवा पुरेशी नसली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडतं आणि बाहेरच्यांना पत्ता लागत नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत लावा, किंवा विजेचा घ्या. पट्ट्यांची खिडकी काढूच नका, आणि गिझर आतच असेल तोवर काहीही झालं तरी नका.

सोसायटी_सचिव

कढीपत्ता, मनापासून आभार. हे उद्याच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

चौथा_मजला

आमचा गिझर विजेचा आहे, पण पट्ट्यांची खिडकी आता तशीच ठेवतो.

पाण्याची तपासणी झाली. ओट्याखालची भिंत भिजवली, काही नाही. ओट्यावर पाणी सोडलं तर दगडाच्या एका टोकाला आत ओल आली. काचेवर मारलं तर ट्रॅक भरला. निचऱ्याची भोकं शोधली, ती सिमेंटने बुजलेली होती. आणि छज्जाच्या वर पाणी साचवलं तर काही वेळाने चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब सुरू. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात लांबच लांब भेग आहे. म्हणजे नुसती खिडकी बदलली असती तर हा थेंब तसाच राहिला असता.

सोसायटी_सचिव

छज्जा आणि बाहेरची भिंत यांची दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी. बाहेरून येणारी पावसाच्या पाण्याची गळती उपविधींत सोसायटीच्याच खर्चात धरलेली आहे. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणि छज्जाचं काम खिडकीच्या आधी करून घ्या. परांची लागली तर तिच्यावरूनच बाहेरचं सिलिकॉनही उरकेल.

चौथा_मजला

हे फारच सोयीचं होईल. मग आता मूळ प्रश्न: फ्रेम कुठली, आणि काच?

रेघोट्या

तुमच्या जागी मी असते तर हॉलच्या रुंद खिडकीत मधली काच कायमची बंद आणि दोन्ही बाजूंना बिजागरीच्या झडपा केल्या असत्या. पाऊस आणि आवाज, दोन्हींसाठी सरकत्या खिडकीपेक्षा बरं. सरकत्या झडपांच्या मध्ये ब्रश असतो, त्यातून आवाज येतोच, काच कितीही जाड असो. झडप बाहेर उघडणार असेल तर ती ग्रिलला आपटत नाही ना, ते माप घ्या. बंद काच बाहेरून कशी पुसणार याचाही विचार करा. बाजूच्या झडपेतून हात पोचेल एवढीच तिची रुंदी ठेवा.

फ्रेम यूपीव्हीसी घ्या किंवा चांगलं जाड ॲल्युमिनियम, तुमच्या ठिकाणी दोन्ही चालेल. यूपीव्हीसीत आवाज आणि उष्णता थोडी कमी येते. ॲल्युमिनियमची फ्रेम बारीक, म्हणून उजेड जास्त, आणि सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळतात. जो माणूस बाहेरून सिलिकॉन मारून देईल आणि पाणी मारून दाखवेल, त्याच्याकडे जे मिळेल ते घ्या.

काच लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमध्ये चिकट पडदा असतो, तो आवाज दाबतो आणि फुटली तरी तुकडे धरून ठेवतो. टफन्ड काच मजबूत असते, फुटली तर बारीक दाणे होतात, पण ते दाणे चौथ्या मजल्यावरून खाली पडतात. टफन्ड घेतलीच तर कोपऱ्यात शिक्का असतो तो बघा, आणि मापं नीट घेतली आहेत याची खात्री करा. ती काच नंतर कापता येत नाही.

गणिती

आईंसाठी: हँडल कमरेच्या उंचीला ठेवायला सांगा. मल्टिपॉइंट लॉकचं हँडल एकच असतं, ते फिरवलं की वर-खाली सगळीकडून कुलूप बसतं. दुकानात आईंनाच फिरवून बघू द्या.

खारेवारे

पैसे कसे द्यायचे तेही बघा. मोठा हप्ता शेवटी ठेवा, पाइपने पाणी मारून कोरडं दिसल्यावर द्यायचा. सेक्शनचं नाव, आतल्या पट्टीची जाडी, काचेची जाडी आणि प्रकार, जाळी, स्क्रू, जुना माल आणि डेब्रिज खाली नेणं, जीएसटी, हे सगळं कागदावर. तोंडी काही नाही. आणि एका दिवशी एकच खिडकी उघडी पाडा.

निळीशाई

बसवल्यावर देखभाल काय करायची? मी तर फक्त ओल्या फडक्याने पुसते.

सुतारपक्षी

पुसणं बरोबरच आहे. यूपीव्हीसीला थिनर, ॲसिटोन, घासणी लावू नका, चकाकी जाते. मे अखेरीस ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढा, मग मगभर पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि बाहेर वाहून जातंय का बघा. जात नसेल तर भोकात झाडूची काडी घाला. ट्रॅकला खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. सिलिकॉनचा स्प्रे मारा. झडप जड जायला लागली तर तिच्या बाजूच्या कडेला तळाशी एक स्क्रू असतो, तो फिरवून रोलर वर-खाली होतो. बरेच जण त्याआधीच नवीन रोलर घेऊन येतात. रबर निघून लोंबत असेल तर ओढून तोडू नका, बोटाने परत खाचेत दाबा. बिजागरीच्या स्क्रूंना वर्षातून एकदा पिळा.

चौथा_मजला

ठरलं. सोसायटीला आज अर्ज दिला, छज्जा आधी. हॉलला मधली काच बंद, बाजूला झडपा. बेडरूमला जागा कमी म्हणून सरकती, पण आतली कड पट्टीने मोजून. ओट्याला ग्रॅनाइट, खाली चर. बाथरूमला डब्ल्यूपीसी चौकट, दार बाहेर उघडणारं. "जुन्या चौकटीवरच बसवतो" म्हणणाऱ्याला नकार कळवला. सगळ्यांचे खूप आभार.

सुतारपक्षी

छज्जाचं सिमेंटकाम झालं की त्याला नीट पाणी मारून पक्कं होऊ द्या, मग पूर्ण वाळू द्या, आणि मगच सिलिकॉन. ओल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही. ट्यूबवरची मुदतही बघून घ्या, दुकानात जुना माल पडून असतो. मेच्या मध्यापर्यंत सगळं उरकायचं असेल तर मापं याच आठवड्यात द्या, पावसाच्या तोंडावर कारखान्यात रांग लागते.